साप्ताहिक सुट्टी, मंगळवार

घरी सांगितलं नाही.
नेहमीसारखी पाचला उठले,
कळण्याच्या दोन भाकरी थापल्या, भरताचा डबा भरला,
खाकी घडी करून पिशवीत, वर टॉवेल,
आणि अंगावर साडी.
डेपोत जाऊन बदलते, असं कधीमधी करतेच मी.
कुणी विचारलं नाही.

चोपडा डेपोत यावल गाडी लागलेली.
कंडक्टर भिकन.
“ताई, कथा चालनी?”
“कोठेच नई,” म्हटलं आणि चढले.
पास होता, काढला नाही.
अडावदचं तिकीट मागितलं, बायकांचं, अर्धं.
तो हसला. मग हसायचा थांबला
आणि मशीन दाबून चिठी माझ्या हातात दिली.
सोळा वर्षं मी ती देत आले.
हातात धरल्यावर कोमट लागते, हे माहीत नव्हतं.

डावीकडची खिडकी. सावलीची.
गाडी हलली तसे पाय आपोआप रोवले गेले,
अगं, बसलीयेस तू,
पण पायांना कोण सांगणार.
मागे कुणीतरी म्हणालं, सुटे नाहीत,
आणि माझा हात काखेतली बॅग शोधायला गेला.
तिथे नुसती बरगडी.
सत्तेचाळीस बसलेले, नऊ उभे,
एक लेकरू मांडीवर, ते धरायचं नाही.
किती वेळ मोजत राहिले.
मग केळीचे बाग सुरू झाले,
घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या,
एक, दोन, सहा, अकरा,
आणि कुठेतरी आकडा हातातून सुटला.
उचलला नाही.

अडावदहून चालत उनपदेवला.
रस्त्यात कापसाच्या बोंडांचा चुरा, थंडी,
समोर सातपुडा, अजून पांघरुणातून न निघालेला.
कुणाला थांबा सांगायचा नव्हता.
मध्येच एका बोरीखाली थांबले, उगाच.
तीन बोरं खाल्ली, एक किडकं.

कुंडाच्या पायरीवर एक पावरा बाई
पोराचं डोकं चोळत होती, ते ओरडत होतं.
मी चपला काढल्या.
पहिल्यांदा टाचा घातल्या पाण्यात,
मग घोटे,
मग साडी वर खोचून पोटऱ्या,
जिथे निळ्या शिरा
एखाद्या जुन्या रूटच्या नकाशासारख्या फुगून आल्यात.
ऊन ऊन पाणी.
कुठून तापून येतं कुणास ठाऊक,
जमिनीखाली कुणाची तरी ड्युटी चालू असेल.
असू दे.

डबा तिथेच उघडला.
भरीत गार झालं होतं, तेल कडेला गोठलेलं,
पण एक घास खाल्ला आणि तो संपेपर्यंत
दुसरं काही केलं नाही.
हे सांगण्यासारखं नाही, मला कळतं.
ज्यांना जेवायला बारा मिनिटं असतात
त्यांना सांगण्यासारखं आहे.

त्या बाईने विचारलं, नवस आहे का?
म्हटलं, नाही.
पाय दुखतात का?
म्हटलं, हो.
ती म्हणाली, मग बस.
पोर आता ओरडत नव्हतं. आम्ही बसलो.
ऊन पायरीवरून उतरत पाण्यापर्यंत आलं,
माझी बोटं सुकटलेल्या खारकेसारखी झाली,
तरी कुणी बेल मारली नाही.

परतताना गाडीत उभी राहिले.
एक म्हातारा चढला होता, त्याला खिडकी दिली.
डेपोच्या नळामागे खाकी चढवली,
चुरगळली पुरेशी,
आणि रोजच्या वेळेला दारात.

सासू तांदूळ निवडत होती.
“आज गर्दी व्हती का वं?”
“नाही,” म्हटलं, “आज सगळ्यांना जागा मिळाली.”
तिने मान वर केली.
आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं,
मग पायांकडे,
दिवसभर स्टँडची धूळ खाऊनही
टाचा अशा गोऱ्या, मऊ.
काही बोलली नाही.
सूप थोडं बाजूला सरकवलं
आणि शेजारची जागा हाताने झटकली.