मागील दोन आठवड्यांत

मागील दोन आठवड्यांत
खालीलपैकी कशाचा तुम्हाला त्रास झाला?
कधीच नाही, शून्य. काही दिवस, एक.
अर्ध्याहून जास्त दिवस, दोन. जवळजवळ रोज, तीन.
असे नऊ प्रश्न,
माणशी अकरा मिनिटं.

मस्कतमध्ये, रुवीत, तिसऱ्या मजल्यावर
इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून
मी एका देशाला विचारत होते
की तुला झोप लागते का.

ओमानी माणसांची यादी बद्रियाकडे असायची,
माझ्याकडे हिंदी-उर्दूवाले.
मग बद्रियाची आई गेली
आणि तिची यादी माझ्याकडे आली.
माझी अरबी बाजारातली:
भाव, पत्ता, ख्यालीखुशाली, देवाचं नाव.
प्रश्न छापील होते, म्हणून निभलं.
उत्तरं छापील नव्हती.

एक बाई म्हणाली, नवरा घरात आहे, नंतर करा.
नंतर केला, तर नवरा अजून घरातच होता.
एकाने नववा प्रश्न पूर्ण ऐकला,
माझ्यासाठी दुआ मागितली
आणि फोन ठेवला.

सूर नावाचं गाव आहे तिकडे,
आपल्या सुराशी काही संबंध नाही,
समुद्रकाठचं, जहाजं बांधणारं.
तिथला खल्फान, वय एकोणसाठ,
शाळेच्या बसचा मालक आणि चालकही.
शाळा मार्चपासून बंद.
बोलताना मागे इंजिन घरघरत होतं.
रोज सकाळी सहाला चालू करतो, म्हणाला,
नाहीतर बॅटरी उतरते.
दहा मिनिटं बसतो. आरशात मागच्या सीटा दिसतात.
मग बंद करतो.

दुसरा प्रश्न: उदास, खिन्न, हताश?
तो इतका वेळ गप्प राहिला
की मला वाटलं लाइन गेली.
मग म्हणाला, छाती अरुंद झालीय.

नियम क्रमांक चार:
छाती, श्वास, धाप, यातला एकही शब्द आला
तर प्रश्नावली थांबवा, आपत्कालीन कक्षाला कळवा.
थांबवली. कळवलं.
वेळेवर कळवल्याचं
थोडं समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाडी गेली. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं
गल्लीतून चालत त्याच्या दारापर्यंत.
बोटाला चिमटा. ऑक्सिजन नव्व्याण्णव. ताप नाही.
नोंद पूर्ण, गाडी परत.
गल्लीने एवढंच पाहिलं
की गाडी आली होती.

बद्रिया कामावर आल्यावर
मी सहज विचारलं, त्या शब्दाबद्दल.
अगं नफीसा, ती म्हणाली,
आमच्याकडे दुःखाला असंच म्हणतात.

आणि आमच्याकडे?
मंडणगडहून आई फोनवर म्हणत नव्हती का,
छाती भरून येते गो,
जीव थोडा थोडा होतो?
तिच्यासाठी मी कुठल्या कक्षाला कळवलं होतं?
म्हणाले होते, पंखा लाव.

दुसऱ्या फेरीत त्याच्या मुलीने फोन उचलला.
रमजानभर शेजारून येणारी हरीसची वाटी
गाडी आल्या दिवसापासून बंद झाली,
एवढं सांगून तिने फोन बापाला दिला.

त्याचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ.
प्रश्न संपायच्या आधी उत्तर.
शून्य.
शून्य.
झोप? शून्य. भूक? शून्य.
नवव्यालाही, न थांबता, शून्य.
अडीच मिनिटांत सगळं आटोपलं
आणि त्या नऊ शून्यांनी
देशाची सरासरी केसभर सुधारली.

मागे काहीच वाजत नव्हतं.

बस? मी विचारलं.
तो म्हणाला, हा कितवा प्रश्न?

दहावा, म्हणाले.

मग तो बोलला. बराच वेळ.
मला निम्मं समजलं, निम्मं नाही,
आणि रकाना नव्हता म्हणून
ते मी कुठेच लिहिलं नाही.