कोरी जागा

गावभागात, सायकलच्या दुकानाला लागून
बाळगोंडा मालकांचं कॅसेट भरायचं दुकान होतं.
दहावीला गणितात उडाल्यावर मी तिथं बसलो,
निळ्या बॉलपेननं कव्हरवर गाण्यांची नावं लिहायला.
अक्षर बरं होतं, एवढीच लायकी.

लोक याद्या घेऊन यायचे.
वहीच्या पानावर, तिकिटामागं, एकदा तर
लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर.
यादी वाचली की कळायचं कुणाचं काय मोडलंय.
मागणं एकच सगळ्यांचं:
ने मला लांब, नदीपल्याड, ढगापल्याड,
जिथं माझं नाव कुणाला ठाऊक नाही.
आणि ही लांब जायची गाणी भरून नेणारी माणसं
संध्याकाळच्या सिटी बसनं
मिरजेपर्यंतसुद्धा जायची नाहीत.

इंदुमती मगदूम हरिपूरहून चालत यायच्या.
वखारीत हळद चाळायच्या. नखं, भुवया,
पिशवीतले सुट्टे पैसेसुद्धा पिवळे.
म्हणाल्या, एकच गाणं भरा. दोन्ही बाजूंना.
मालक म्हणाले, साठ मिनिटं तेच?
तेच. मधी दुसरं लागलं
की मी परत घरात येते.

पंधरा दिवसांनी कॅसेट घेऊन पुन्हा दारात.
गाणं चांगलंय, म्हणाल्या, पण लई बोलतंय.
माझं मलाच सांगत बसतंय.
दोन गाण्यांच्या मधी ते सुस्स वाजतं बघा,
तेवढं वाढवून द्या.

मालक हसले नाहीत.
काहीच न लावता त्यांनी मशीन सुरू केलं,
माईक टेबलावर ठेवला
आणि आम्ही तिघं गप्प बसून
रिकामं भरत राहिलो.
शेजारी कुणीतरी ट्यूब घमेल्यात बुडवून
पंक्चर शोधत होतं.
ते बुडबुडे आत गेले असणार.
त्यांची एक बांगडीही.
कव्हरवर काय लिहू, मी विचारलं.
काही नको.
मग जाताना वळून, तारीख लिही.

मालकांनी कॅसेटचे पैसे घेतले, भरायचे नाहीत.

पुराचं पाणी पुढं दोनदा त्या दुकानात शिरलं.
आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.
माझ्यावर वेळ आली तेव्हा
जगातली सगळी गाणी माझ्या खिशात होती,
रात्रभर लावून ठेवायचो.
पण एक संपायच्या आत दुसरं सुरू.
मधी जागाच ठेवत नाहीत.

सायकलचं दुकान मात्र अजून आहे.
मी कधी कधी कोपऱ्यावर उतरतो,
पुढच्या चाकाची हवा सोडतो
आणि ढकलत नेतो तिथवर.
पोरगा ट्यूब पाण्यात फिरवत राहतो,
म्हणतो, काका, कुठंच नाही हो पंक्चर.
मी म्हणतो,
परत एकदा बघ. सावकाश.