पुठ्ठा

सावद्याच्या वाचनालयात एकाच कादंबरीच्या तीन प्रती,
तिन्ही माझ्या हातून शिवून गेल्यात.
खळीत मोरचूद मी जरा जास्तच घालतो,
आमच्याकडची कसर फार वाचते.

पहिलीवर पाठमोरी बाई,
काळ्या शाईतली, वेणी कमरेच्या खाली.
ती प्रत नेणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं,
नवऱ्याला सोडून गेलेल्या बाईची गोष्ट आहे.
आत वेणी नाही.
मी शोधली. एकशेबारा पानावर
तापात तिचे केस कापतात, मानेपर्यंत.
पण दवाखान्यातल्या नर्स यशोमती पाचपांडे
शपथेवर सांगतात,
शेवटी तिनं वेणी मोकळी सोडली,
वाचताना त्यांच्या अंगावर काटा आला.

दुसरी आवृत्ती लाल.
सुरा नाही, थेंब नाही,
नुसता लाल, आणि एक अर्धवट उघडं दार.
तेवढ्यावर निळकंठ वारके, भुसावळचे रिटायर्ड गार्ड,
रात्रभर खुनी शोधत बसले.
खून नाहीच हो त्यात, मी म्हटलं.
"म्हनून त सापडत नही," म्हणाले,
आणि आठ दिवस वाढवून घेतले.

तिसरीवर नदी. बाकी काही नाही.
धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या एका म्हाताऱ्यानं
ती चारदा नेली.
मी विचारलं, बाबा, बाई कशी वाटली?
तो माझ्याकडे बघत राहिला.
"बाई? बाई कुठी आहे त्यात?"

तेरा फर्मे, दोनशेआठ पानं.
मी तिन्ही उसवलेत, तिन्ही टाचलेत,
एका अक्षराचा फरक नाही.
शेवटही तोच:
तापीच्या काठावर नावाडी विचारतो,
इकडे की तिकडे?
ती चपला काढते.
संपलं.

कमिटीचा नियम आहे, कव्हर फाटलं की रेक्झिन.
मग मी कापली ती बाई, तो लाल, ती नदी.
तिघींना तपकिरी घातलं.
कपाटात त्या भिंतीच्या विटांसारख्या दिसायला लागल्या
आणि उन्हाळा गेला, दिवाळी गेली,
कुणी हात लावला नाही.

नेली ती रुबाब तडवीनं.
तो केळीच्या गाड्या भरतो,
घड उचलून शर्टाला चिकाचे काळे डाग,
जे कशानंच जात नाहीत.
रेक्झिनला चीक लागू नये म्हणून
त्यानं वर पेपर चढवला,
शाळेत चढवतात तसा, कोपरे आत दुमडून.
पान नेमकं बाजारभावाचं.
नवती आत गेली, पिलबाग घडीत गेला,
दर्शनी बाजूवर, बरोबर मधोमध,
एकच शब्द उरला:
वापसी.
टाकाऊ मालाचा भाव.

रुबाबनं परत केली, पेपर तसाच राहिला.
पुढे हेमांगी झोपे घेऊन गेल्या,
सासरहून आलेल्या,
कधी जाणार हे घरात आता कुणी विचारत नव्हतं.
दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन हजर.
"नाव छान आहे," म्हणाल्या.
"आणि बरं झालं, शेवटी ती घरी येते."

मी दाभण खाली ठेवलं.
सांगणार होतो, नाव ते नाही,
तो केळीचा भाव आहे, तोही पडलेला.
सांगणार होतो की ती नदीत उतरते,
मी तर नेहमी तसंच वाचलंय,
कारण मी ती पहिल्यांदा वाचली
तेव्हा माझ्या हातात नदी होती.

त्या गेल्यावर शेवटचं पान काढलं.
ती चपला काढते.
उंबऱ्यातही काढतातच की.

तेव्हापासून तो पेपर मी काढलेला नाही.
कडेला थोडी खळ लावलीय, उचकटू नये म्हणून.
परवा वारके ती हातात धरून उभे होते,
चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.
नाव त्यांनी वाचलंच नाही.
त्याच्याखालचा आकडा वाचून म्हणाले,
"इतका कमी?"