उतार

डॉक्टर बिवलकरांनी एक्स-रे उजेडाला धरला
आणि म्हणाले, चालायचं. रोज.
फक्त सपाटीवर.

एकेचाळीस वर्षं मी चढ मोजले.
गॅलरीत अजून दोर आहे तो,
त्यावर आता टॉवेल वाळतात.
कड्याच्या टोकाला पाय सोडून डबा खाताना
खालच्या पायवाटेवरची माणसं दिसायची,
मुंगीएवढी. आम्ही त्यांना
पेन्शनर म्हणायचो.

म्हणून फोनवर आधी तेच विचारलं,
सपाट आहे ना?
पलीकडून जयवंती बरफ म्हणाली,
नदीकाठची वाट आहे, बाई. तुमच्यानं होईल.

तुमच्यानं होईल.
पेरूची बी दाढेत अडकावी तसं ते वाक्य
बोरिवलीच्या फाटकापर्यंत जिभेला लागत राहिलं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस. सकाळचे सव्वासात.
जयवंती पुढे, साडीवर खाकी शर्ट,
मागे मी, काठी, गुडघा, या क्रमानं.
सागाच्या पानांची आळ्यांनी जाळी केलेली,
त्यातून ऊन गाळून पडत होतं
जसा चहा पडतो, घाई नसलेल्या घरात.
उंबराखाली कुजकट गोड वास.
बांबू एकमेकांवर घासून
जुन्या पाळण्यासारखे कुरकुरत होते
(मला वाटलं, मीच).

कुठेच चढ नाही.
वर बघायला शिखर नाही, म्हणून मी खाली बघत गेले:
मुंग्यांनी ओढून नेलेलं चतुराचं पंख,
करंजाची तुटकी शेंग,
ओल्या मातीत जयवंतीनं काठीनं आखलेलं एक वर्तुळ.
रात्री गेलाय, ती म्हणाली.
कोण, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
आम्ही दोघी त्या वर्तुळाला वळसा घालून गेलो,
कुणाच्या ताटाला पाय लागू नये
तशा.

दीड तासानं एका खडकावर बसले.
नदी घोट्याएवढी. तळातला गोटा न् गोटा दिसावा इतकी.
मी म्हटलं, छान आहे तुझी सपाट वाट.
ती हसली. सपाट कुठंय?
तुम्ही विचारलं म्हणून मी हो म्हटलं.
सपाट असती तर हे पाणी इथंच बसलं असतं की,
तुमच्यासारखं.

मग एक जाळीदार पान उचलून तिनं पाण्यात सोडलं.
ते आधी जागच्या जागी फिरलं,
जसं निघताना किल्ल्या घेतल्या का ते बघतात,
आणि गेलं.

मी त्याच्या मागे मनानं चालत राहिले.
झाडी संपते, फाटक, मग भिंती,
मग तबेले, मग हायवेच्या खालून,
मग दहिसरला आमच्या सोसायटीच्या मागून,
जिथं त्याला नाला म्हणतात,
जिथं स्वयंपाकघराची खिडकी मी
कितीतरी वर्षांपूर्वी खिळे मारून बंद केली.
एकदाच ते वर आलं होतं, दुसऱ्या पायरीपर्यंत.
तेव्हा सगळे त्याला शिव्या देत होते. मीही.
ते कुठून आलं, कुणी विचारलं नाही.
मी सुद्धा नाही,
जिला दरवाजातून दिसेल त्या डोंगराचं नाव ठाऊक होतं.

परतताना गुडघ्याला कळलं.
डोळ्यांना न दिसणारा तो उतार
प्रत्येक पावलाला वाटीत वाजत होता, बारीक,
पाण्याला जसा वाजत असेल.
जयवंती थांबत होती, दमल्याचं सोंग करून.
दोनदा तिनं चपलेतला नसलेला खडा काढला.

रात्री मधुरा टिपणीसचा फोन:
काय गं, काय बघितलंस सपाटीवर?
पान, मी म्हटलं. एक पान.
ती गप्प झाली. तिचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे,
दोन्ही गुडघ्यांचं.

मग हातोडीच्या मागच्या बाजूनं खिळे काढले.
चार निघाले, पाचवा वाकला.
खिडकी उघडली तेवढी उघडली.
वास आलाच.
चहा उकळेपर्यंत तिथेच उभी राहिले,
काळोखात ते जात होतं,
ऐकू येण्याएवढं.