काउंटरवर

सीताबर्डीत, चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला.
पायऱ्या चढून पोरं धापा टाकत येतात
आणि पाणी मागायच्या आधी विचारतात,
"मॅडम, कोणती घेऊ?"

अठरा वर्षं झाली या प्रश्नाला.
आधी मी म्हणायची, सी घे, पाया पक्का होते.
मग म्हणायची, जावाले मरण नाही बाप्पा.
मधे दोन उन्हाळे अँड्रॉइडचे गेले.
आता पायथन. सरांनी सांगून ठेवलंय,
पायथन म्हणताना जरा हसायचं.

कामठीचा फैजान यायचा मोबाइल दुरुस्तीतून उठून,
बोटांना सोल्डरचा वास.
हिंगण्याच्या कारखान्यातून कमी केलेले हेडाऊ काका, वय बावन्न,
म्हणाले, "जी लवकर संपते ती द्या."
भाषा संपत नाही हो काका,
असं ओठांवर आलं;
"तीन हप्ते पडतील," असं बोलले.

कधी बुटीबोरीच्या बसमध्ये कुणी ओळख देतं.
"जावा केली होती ना मी तुमच्याकडे. आता गोडाऊनला आहे."
हसून सांगतात.
मी दोन थांबे आधीच उतरते.

काल कूलरमधलं पाणी संपलेलं,
वाळकी खस नुसती करकरत होती.
भंडाऱ्याहून एक पोरगी आली, प्रणोती रामटेके.
सगळी माहितीपत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली,
घडीवर घडी करून परत ठेवली,
आणि विचारलं,
"तुम्हाले कोणती येते, मॅडम?"

मला मराठी येते.
इतवारीतल्या व्यापाऱ्याशी भांडता येईल एवढी हिंदी.
पावतीपुरतं इंग्रजी.
नवऱ्याशी बोलायची एक वेगळीच आहे,
तिच्यात शब्द फार लागत नाहीत.
यातलं तिला काय सांगणार?
"बस," म्हटलं, "पंखा इकडे फिरवते."
उद्या येते म्हणाली. फी भरलेली नाही.

रात्री साडेआठला गणवीर शटर अर्धं ओढून खाली थांबला
आणि मी सात नंबरच्या मशीनवर बसले,
जिच्यावर आम्ही कुणाला बसवत नाही.
फळ्यावर उरलेलं उतरवून काढलं,
शाळेत सुविचार उतरवायचो तसं,
अर्थ न विचारता.
बटण दाबलं.

लाल अक्षरांत आलं:
ओळ चार. कंस उघडला आहे, बंद केलेला नाही.

माझं चुकलं म्हणणारे पुष्कळ भेटले,
माहेरी, सासरी, या खुर्चीसमोर उभं राहूनसुद्धा.
कोणत्या ओळीत,
ते कुणी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, होऊन राहिलं का?" खालून गणवीर.
"हाओ, एक कंस राहिला."

लावला.
आता ती सातव्या ओळीबद्दल
काहीतरी म्हणून राहिली आहे.