चार मिलिमीटर

ऑटली गावात, नदीकडच्या गल्लीत
भाड्याच्या घरामागची कोळशाची खोली.
दार लावलं तर गुडघे भिंतीला टेकतात,
उघडं ठेवलं तर शेजारचं मांजर आत.
तिथे छताच्या हुकाला टांगलीय
मेव्हिस होल्डरॉइडने दिलेली सायकल.
म्हणजे नुसती फ्रेम. स्टीलची, बाटलीहिरवी,
सांध्यांच्या कडेने सोनेरी रेघ, हाताने ओढलेली,
एका जागी थरथरलेली.

आधी चाळीस पौंड म्हणाली.
मग म्हणाली, वीस दे,
आणि चालवताना दिसलास तर तेही परत.

सीटचा दांडा सव्वीस वर्षं हलला नव्हता.
त्याला तेल पाजलं, आठ दिवस वाट पाहिली,
किटलीतलं कढत पाणी ओतलं,
शिव्या दिल्या, आधी इंग्रजीत.
कोल्हापुरीत दिल्यावर सुटला.

खालच्या धुरीला उजवीकडे उलटे आटे.
हे मला ठाऊक होतं, मनगटाला नव्हतं.
मनगट उद्यमनगरात शिकलेलं,
बाबांच्या लेथशेजारी, मे महिन्याच्या सुट्टीत,
पाढ्यांच्याही आधी.
सोडवतोय असं समजून
तीनदा मी तो कप आणखी आवळला.

मग मागचा फाटा.
जुन्या चाकाला जागा एकशे सव्वीस,
अकरा चक्र्यांच्या नव्या चाकाला हवी एकशे तीस.
चार मिलिमीटर. मसुराचा एक दाणा.
आट्यांची सळई आडवी घातली, दोन नट, पाना.
एकशे चाळीसपर्यंत ताणलं. सोडलं. एकशे सव्वीस.
एकशे पंचेचाळीस. सोडलं. एकशे सव्वीस,
जणू मी आलोच नव्हतो.

बाबांना व्हिडिओ लावला.
तिकडे रात्रीचे साडेदहा, बनियनवर बसलेले.
"तापवू नकोस," पहिलं वाक्य.
"वेल्डिंग कुठल्या गाढवानं केलंय, दाखव."
वेल्डिंग नाही बाबा, पितळेनं जोडलंय.
"जवळ धर."
फोन मी सांध्याला जवळजवळ चिकटवला.
पडद्यावर नुसतं कपाळ, मग नुसता चष्मा,
आणि पंख्याचा आवाज.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"घाई नव्हती त्याला."
आणि नेटवर्क गेलं.

एकशे बावन्नला काहीतरी ऐकू आलं,
कानाला नाही, पान्याच्या दांड्याला.
सोडलं. एकशे तीसला थोडं कमी.
दोरा बांधला, मागून पुढे, पुढून मागे:
डावा पाय तीन सरकलेला, उजवा जेमतेम एक.
मग गुडघा लावून, हातानेच,
एकाला समजावत, दुसऱ्याला दटावत
रविवार संपला.

नवी रिम जुन्याहून किंचित लहान.
ब्रेकचे रबर पोचेनात तिथवर.
किती खाली आणायचे? मोजलं.
चार मिलिमीटर.
एकटाच हसलो. मांजर उठून गेलं.

नोव्हेंबरात ती आली, काठी टेकत,
टोपीवर धुकं घेऊन.
गिअर आता ब्रेकच्याच मुठीत, मी दाखवलं,
बोट दाबलं, साखळी चढली, ती बघेना.
तिचा हात वाकून सरळ तिरप्या नळीकडे गेला,
विल्फ्रेडचा जायचा असेल तसा.
तिथे डावीकडे जुना लिव्हर मी ठेवला होता.
पुढे एकच चक्री, त्यामुळे त्याला तार नाही.

"हा काय करतो?"
काहीच नाही.

तिने तो पुढे ढकलला, मागे आणला,
पुन्हा पुढे.
मग म्हणाली, चाक फिरव.
फिरवलं. नव्या हबची कर्कश टिकटिक
खोलीभर, तिच्या काठीपर्यंत.
"फार बोलते ही," म्हणाली.
"तो यायचा तेव्हा कळायचंच नाही.
वळून बघावं, तर दारात उभा."

वीसची नोट सीटखाली खोचायला लागली.
अजून चालवली नाही, मी म्हटलं.
तिने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
चाक अजून फिरत होतं.
आम्ही दोघं ते थांबायची वाट बघत उभे,
आणि ते,
बेअरिंग चांगलं बसलं होतं,
थांबेना.