भरड

ड्यूजबरीतला पहिला रविवार.
मी वरणभात बोटांनी कालवला
तशा मिसेस सटक्लिफ नवऱ्याला हळूच म्हणाल्या,
"कोर्स."
मी मान वर करून सांगितलं,
"दोन वर्षांचा. कापड-तंत्राचा."

कुणी हसलं नाही.

अर्थ लागला तो मार्चमध्ये, गिरणीत.
लोकर निवडणारा म्हातारा विल्फ
एक पुंजका चिमटीत चोळून
तोच शब्द पुटपुटला,
पुंजका पलीकडच्या ढिगात भिरकावला.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"टाकून द्यायची?"
"छे! गालिच्याला हीच लागते.
मऊ असते ती
पायांखाली वर्षभरसुद्धा टिकत नाही."

त्या रात्री वरण जरा पातळच झालं होतं,
मनगटापर्यंत ओघळत होतं.
मिसेस सटक्लिफनी चमचा पुढे सरकवला.

राहू द्या, म्हणालो,
माझा कोर्स अजून चालू आहे.